सात खुणांचे आप्पा

आप्पांच्या ओसरीवर पाय ठेवला की आधी चिमटा बसतो, मग पाणी मिळतं. चिमटाही साधासुधा नाही. दंडाच्या आतल्या बाजूला, जिथं आपल्याला मांस आहे हे आपल्यालाही माहीत नसतं, नेमका तिथं. पाहुणा ओरडला की आप्पा समाधानानं मान हलवतात. "प्रतिसाद हाय. बसा."

वरवंडच्या शाळेत नोकरी लागली म्हणून मी त्यांच्या शेजारी खोली घेतली. पहिल्याच दिवशी मी असा ओरडलो, की तिकडं केडगावला सुटायला निघालेली गाडी थांबली. गार्डानं हिरवा झेंडा खाली घेतला म्हणतात. म्हणणारा मीच आहे, पण ते सोडा.

आप्पांनी जगाचे दोनच भाग केलेत, सजीव आणि निर्जीव. पक्ष, पाहुणेरावळे, सोयरीक, सगळं त्यानंतर. चौथीत असताना गुरुजींनी सजीवांच्या सात खुणा शिकवल्या, "आन् तवापास्नं झोप उडाली," असं ते स्वतःच सांगतात. सातही खुणा बोटांवर तयार. "खातं, श्वास घेतं, हलतं, वाढतं, घाण टाकतं, पोरं काढतं आन् चिमटा काढला की बोंबलतं."

परीक्षेत 'सजीवाचे उदाहरण लिहा' याखाली आप्पांनी लिहिलं, एसटी.

"का न्हाई?" ते अजून विचारतात. "डिझेल खाती, धूर सोडती, पळती, घंटी मारली की थांबती. घाटात धाप लागती का न्हाई तिला?"

गुरुजी म्हणाले, एसटीला पिल्लं होत नाहीत. आप्पांनी हे ऐकीव ज्ञान मानलं नाही. सुट्टी लागताच दौंडच्या स्टँडवर तीन दिवस मुक्काम ठोकला. तिसऱ्या दिवशी एका मोठ्या गाडीमागून एक लहानशी गाडी आत शिरली, तेव्हा आप्पांनी ठोकलेली आरोळी पार शिरूरला ऐकू गेली.

मोठेपणी खेचरानं घोळ घातला. खेचराला पोर होत नाही, मग ते निर्जीव म्हणायचं का? शंका थेट खेचरालाच विचारावी म्हणून आप्पांनी भर बाजारात त्याला चिमटा काढला. खेचरानं उत्तर दिलं. आप्पांच्या डाव्या गुडघ्यावर ते अजून वाचता येतं.

माझा मेहुणा आठ दिवस राहायला आला होता. त्याला आप्पांनी जाता-येता नीट निरखला आणि मला बाजूला घेतलं. "मास्तर, खातोय, घाण टाकतोय, वाढतोय तर लांबनं दिसतंय. पर हालचाल अजाबात न्हाई. सावलीत ठिवा, नासंल."

हसू नका. याच आप्पांच्या दारात कार्तिकात पंधरा गावांची माणसं उभी असतात. कारण बियाणं. कांद्याचं बी हातात घ्या. खात नाही, हलत नाही, चिमटीत धरलं तर बोंबलत नाही. सातपैकी एकही खूण नाही, तरी जिवंत असू शकतं. किंवा मेलेलंही. दिसायला दोन्ही काळंच. या एका गोष्टीपुढं आप्पा हात जोडतात. "बी म्हंजी झोपेचं सोंग घेतल्याला जावई. हाका मारून उठायचा न्हाई. पाणी दाखवायचं आन् वाट बघायची."

लोकांनी आणलेल्या बियातलं चिमूटभर ते ओल्या गोणपाटात गुंडाळतात आणि आतल्या खोलीत ठेवतात. रोज सकाळी उलगडून बघतात. आठव्या दिवशी ओसरीवर उभे राहून निकाल देतात, आणि तोही गावाला ऐकू जाईल असा. "जिवंत!" किंवा "मयत!" मयत निघालं, तर मालकानं दारातल्या नळावर पाय धुवायचे आणि मगच घरी जायचं. सरपंचांना त्यांनी फटफटीवरून उतरवून पाय धुवायला लावले. भीड नाही, मुर्वत नाही. आप्पांनी मेलेल्याला जिवंत म्हटलं, असं कधी घडलं नव्हतं.

आप्पा एकटे. लग्न केलं नाही. बांधापलीकडं थोरले भाऊ तात्या, त्यांचं भरलं घर. दोघांत अकरा वर्षं अबोला. कारण तुम्ही ओळखलंच असेल. तात्यांच्या मुलीच्या लग्नात आप्पांनी बोहल्यावरच्या नवरदेवाला चिमटा काढला. हेतू चांगला होता. "पोरगी द्यायची, आधी तपासाय नगो?" नवरदेव हारासकट तीन फूट उडाला आणि उतरला तो भटजींच्या मांडीवर. तात्या भर मांडवात म्हणाले, "ह्यो माझा भाऊ न्हाई."

तेव्हापासून आप्पा बांधापलीकडं बघतसुद्धा नाहीत. त्या बाजूच्या सऱ्यांना पाणी द्यायचं झालं, तर पाठमोरे चालत देतात. मी एकदा विचारलं, आता हे नातं कशात धरायचं?

आप्पांनी बोटं मोजली. "खात न्हाई, हलत न्हाई, वाढत न्हाई. हाक मारली तर ओ न्हाई. निर्जीव."

"तुम्ही मारली होती हाक?"

आप्पा उठले आणि शेळीला पाला टाकायचाय म्हणून परड्यात गेले. आप्पांकडं शेळी नाही.

गेल्या कार्तिकात तात्या अंधूक उजेडात माझ्या खोलीवर आले. हातात लुगड्याच्या फडक्यात बांधलेलं बी. "मास्तर, एवढं तपासून आणा. माझं नाव काढू नगा."

"दुकानातलं घ्या की नवीन."

"पायजे ते बी दुकानात न्हाई. घरात हाय ते एवढंच, तेबी दोन वर्सं पत्र्याखाली पडल्यालं. हे मेलं आसंल तर यंदा दोन एकर मोकळं ऱ्हातंय."

मी आप्पांना सांगितलं, शिरूरच्या मावसभावाचं बी आहे. आप्पांनी गाठोडं हातात घेतलं. गाठीवरून अंगठा फिरवला. "शिरूरला कवापास्नं अशी गाठ मारत्यात?"

"अशी म्हणजे?"

"आमच्या आयची हाय ही." एवढंच बोलून ते गाठोडं आत घेऊन गेले.

आठव्या दिवशी सकाळी मी हळूच डोकावलो. आप्पा गोणपाट उलगडून जमिनीवर बसले होते. एक कोंब नव्हता. बी जसं ठेवलं तसं, काळं ठिक्कर. आप्पांनी ते बोटानं इकडं सारलं, तिकडं सारलं. चहासुद्धा टाकला नव्हता.

मग ते उठले, बाहेर आले आणि अकरा वर्षांत पहिल्यांदा बांधाकडं तोंड करून ओरडले, "जिवंत! एकूणएक जिवंत!"

माझ्या हातात गाठोडं दिलं. ते जरा जड लागलं. आतल्या खोलीत त्यांचं स्वतःचं बियाण्याचं मडकं आडवं पडलं होतं, रिकामं.

"आप्पा, एकसुद्धा कोंब नव्हता."

"नजर अधू झालीय तुमची. दौंडला जाऊन तपासून घ्या."

"आणि तुम्ही काय पेरणार?"

"हरबरा. कांद्यानं मला पित्त व्हतंय."

पन्नास वर्षं कांदा खाल्लेला माणूस!

तात्यांचं रोप असं उगवलं, की पाखरांना खाली उतरायला जागा उरली नाही. लागण झाली, पात भरली. फाल्गुनात कांदे पोसले, आणि तात्या घमेलं घेऊन थेट आप्पांच्या ओसरीवर आले. मी तिथंच पेपर वाचत होतो. तो उलटा धरला आणि वाचत राहिलो.

तात्यांनी घमेलं आदळलं. "पाच वर्सं मी पांढरा कांदा लावतोय. पांढरा! माझ्या पांढऱ्या बियाला ह्यो गुलाबी कांदा कसा आला रं?"

आप्पांचं तोंड उघडंच राहिलं. सगळं जुळवून आणलं होतं बिचाऱ्यानं, पण बी दोन्हींचं काळंच. "तू पांढरा लावतूस? कवापास्नं?"

"बांधाकडं मान वळवली असतीस तर दिसला असता."

आप्पा घमेल्यातला एक कांदा उचलून त्याची साल नखानं खरवडत बसले.

"तुझ्या रानात हरबरा हाय," तात्या म्हणाले.

"तुला कुणी सांगितलं?"

"सांगाय कशाला पायजे? मी बघत आसतो."

मी पेपराचं पान उलटलं. कुणाचं लक्ष नव्हतं.

तात्या चौकटीला टेकून बसले. घमेलं पुढं सरकवलं. "ह्यातलं चांगलं निवड. बियाला ठिवू. दिवाळीला लावू, बांधाच्या दोन्ही अंगाला."

"च्या घेणार?" आप्पांनी विचारलं, आणि उत्तराची वाट न बघता आत गेले. बराच वेळ भांड्यांची आदळआपट ऐकू येत होती. पार डबे काढून मागं शोधत असावेत. शेवटी बाहेर आले. घरात कप एकच निघाला होता. तो त्यांनी तात्यांपुढं ठेवला आणि स्वतः तांब्यातनं चहा पीत शेजारी बसले.

मला कुणी विचारलं नाही. मी आपला चहा घ्यायला घरी गेलो.