पास्कूभाऊची डुकरं आणि माझा पानओवा

आमच्या शेजारच्या पास्कूभाऊनं आज पुन्हा माझा पानओवा ओरबाडला. विचारणं नाही, पुसणं नाही! भज्यांसाठी लावलेली पानं ती, हा डुकरांच्या पिल्लांना घालतो. जाब विचारला तर माझ्यावरच डोळे वटारतो, "वयनी, तुमी भजी खाल नायतर नाय, पोरांची पोटं सांबाळायला नकोत?"

पोरं म्हणजे डुकराची पिल्लं. आईचं दूध सुटलं की त्यांना हगवण लागते. म्हणून हा ताकात लसूण, हळद नि माझा पानओवा कुटून बादलीभर कालवतो. पहिला पेला स्वतः पितो, मग पोरांना. त्याच्याशी बोलायचं तर वारा कुठून येतोय ते बघून उभं राहावं लागतं.

मध्यंतरी मनोरहून एक खाद्यविक्या आला. म्हणाला, "काका, या खाद्यात आधीच अँटिबायोटिक घातलंय. पिल्लं आजारीच पडणार नाहीत."

"आजारी नाय, त्याला औषध कशाला? तू काय रोज सकाली उटून सुई टोचून घेतोस काय रे?"

आणि कोंडा ढवळायचा दांडा घेऊन त्याला पार हायवेपर्यंत पिटाळला.

इथवर ठीक. पण परवा एक पिल्लू खरंच आजारी पडलं. मान टाकली, डोळे आत गेले. हा आपला दोन दिवस ताकच पाजतोय! माझं डोकं फिरलं.

"अहो, हट्ट तुमचा नि जीव त्याचा! डॉक्टर बोलवा."

"तुमच्या पानांतच दम नाय!" तो माझ्यावरच ओरडला.

घ्या! झाड माझं, चोर हा, नि वर दोष पानांना! मीच जनावरांच्या डॉक्टरांना फोन केला. ते आले तर हा गोठ्याच्या दारात आडवा. डॉक्टर शांतपणे म्हणाले, "पास्कूभाऊ, धडधाकट पिल्लांना रोज औषध द्यायचं नाही, हे तुमचं बरोबर. पण हे आजारी आहे. याला आता द्यायलाच हवं."

मग तो बाजूला झाला. पिल्लू मांडीवर घेतलं. डॉक्टर सुई टोचताना त्यानं बारीक आवाजात विचारलं, "लागू पडंल ना, डाक्टर? रोझीला एकपन लागू पडलं नव्हतं."

रोझी त्याची बायको. दोन वर्षांपूर्वी पायाच्या जखमेनं गेली. बोईसरच्या दवाखान्यात एकामागून एक इंजेक्शनं बदलली, सगळी फुकट. उठसूट औषधं वापरून जंतू निर्ढावलेत, असं तिथं कुणीतरी सांगितलं, ते यानं मनात धरून ठेवलेलं. ती गेल्याचं मला ठाऊक होतं, पण हे सगळं त्यानं त्या दिवशीच सांगितलं. मी आपली भज्यांसाठी भांडत होते.

तिसऱ्या दिवशी पिल्लू उठून धडपडत कोंड्याकडे गेलं. पास्कूभाऊनं ते उचललं, काखोटीला मारलं आणि तडक चर्चमागच्या दफनभूमीत रोझीच्या क्रुसापाशी जाऊन उकिडवा बसला. मी मागोमाग जाऊन फाटकाशी थांबले. पिल्लू पुढं धरून तो तिला काहीतरी सांगत होता.

फाटकातून फादर तरातरा आत निघाले, "अरे, इथं डुक्कर?"

मी त्यांच्यावरच डाफरले, "थांबा हो फादर, त्याचं सांगून होऊ द्या!"