माने मिस्त्रींचा गेंडा

आमच्या शेजारच्या माने मिस्त्रींच्या घरी पाहुणा आला, की त्याला पाण्याआधी कवटी दाखवत. सोलापूरच्या उन्हातून आलेला माणूस घशाला कोरड पडून बसायचा, आणि मिस्त्री कॉटखालून पोत्यात गुंडाळलेली, दगड झालेली कवटी ओढून थेट त्याच्या मांडीवर ठेवायचे. "धरा नीट. गेंडा हाय."

मिस्त्री बांधकाम खात्यातले. दगड झालेली हाडं, दाढा, शिंपले गोळा करायचा त्यांना जुना नाद. घरातले बिस्किटांचे सगळे डबे त्यातच गेले. बहात्तरच्या दुष्काळात सीना नदीच्या काठी तलावाच्या कामावर माती उपसताना त्यांना ही कवटी सापडली आणि डबेही मागे पडले. ती त्यांनी एसटीतून मांडीवर घेऊन आणली. कंडक्टरनं विचारलं, "हे काय?"

"गेंडा."

"जनावर न्यायला बंदी आहे."

"मेल्यालं हाय की."

"कधी?"

"झाली आसतील लाखभर वर्षं."

कंडक्टरनं त्यांना पुढच्या सीटवर, ड्रायव्हरच्या नजरेसमोर नेऊन बसवलं.

आता गेंडा कशावरून? तर कवटीची डावी बाजू फुटलेली, आणि उजवीकडे शिंगाचं तुटकं खोड. "एकच शिंग. मग गेंडाच की." दुसरं शिंग फुटक्या बाजूबरोबर गेलं असेल, असं मी एकदा सुचवून पाहिलं. मी शाळेत शास्त्र शिकवतो, एवढा अधिकार मला असावा. मिस्त्री म्हणाले, "गुरुजी, जे न्हाय ते मोजू नगा."

मिस्त्रींच्या पुतणीला बघायला अकलूजची मंडळी आली, तेव्हा तर कहर झाला. मुलाच्या वडिलांच्या मांडीवर कवटी, आईच्या हातात दाढ. बिचारे अर्ध्या तासानं म्हणाले, "आता मुलगी दाखवता का?" मिस्त्री म्हणाले, "ती कुटं पळून जात न्हाय. आदी हे बघून घ्या." तरी लग्न जमलं. त्याचं सगळं श्रेय त्यांनी गेंड्याला दिलं.

कवटी घरी आल्याला सहा वर्षं झाली, आणि सुभद्राकाकू, म्हणजे मिस्त्रींच्या पत्नी, वारल्या. त्यानंतर या माणसानं माझं डोकं खायला सुरुवात केली. रोज संध्याकाळी दारात हजर. "गुरुजी, पुण्याला पत्र लिवा. जाणकार मानूस बोलवा. मी हाय तवर कुनीतरी ह्येचं नाव पक्कं सांगाया पायजे." मी लिहीत गेलो. खरं सांगायचं तर, एकदाचा गेंडा ठरू दे आणि मला जेवायला वेळ मिळू दे, एवढीच माझी इच्छा होती. सातव्या पत्राला एका कॉलेजातल्या प्राध्यापकांचं उत्तर आलं, आणि पाठोपाठ ते स्वतःच आले.

मिस्त्रींनी इस्त्रीचा सदरा घातला होता. प्राध्यापक टेकतात न टेकतात तोच कवटी मांडीवर. त्यांनी भिंग काढलं आणि एकदम थबकले. कवटीच्या कपाळावर तांबडा डाग होता. त्यांचा आवाज खाली आला. "हे... हे गेरूसारखं दिसतंय. म्हणजे त्या काळच्या माणसांनी या कवटीला रंग लावला असेल, तर..." माझ्याही अंगावर काटा आला. सोलापूरचं नाव आता साता समुद्रापार जाणार.

"कुंकू हाय ते," मिस्त्री म्हणाले. "वसुबारसेचं."

प्राध्यापकांनी भिंग खाली ठेवलं. "कुणी लावलं?"

"आमच्या मंडळींनी. ती मोडनिंबाकडची, शेतकऱ्याची लेक. कवटी आनली त्या दिशीच तिच्या जबड्यात बोट घालून म्हनली, वरचे म्होरले दात न्हाईत, शिंग गोल हाय, म्हशीवानी चपटं न्हाय. गाय हाय ही. मी लई हसलो. हितं दारात गाय न्हवती, म्हनून दर वसुबारसेला हिलाच ओवाळायची. शेजारी ल्हान हाड ठेवायची, वासरू म्हनून. बाजरीची भाकरी न् गवारीची भाजी म्होरं. मी म्हनायचो, अगं, गेंडा उपाशी मरंल तुजा. ती कुंकू लावून उठायची."

प्राध्यापकांनी कवटी उलटी केली, सुलटी केली, शिंगाच्या खोडावरून अंगठा फिरवला. मिस्त्री त्यांच्या तोंडाकडे बघत होते.

"गाय की बैल, ते एवढ्यावरून सांगता यायचं नाही," प्राध्यापक म्हणाले. "पण रानगुरांतलंच आहे, फार जुनं. बाईंनी दाखवलेल्या खुणा बरोबर आहेत."

मला वाटलं, आता मिस्त्री भांडणार. ते खाली फरशीवरच बसले.

"मला वाटलंच हुतं," ते म्हणाले. "ती गेल्यापास्नं वाटतंय. पन जाणत्याच्या तोंडून ऐकायचं हुतं. सा वर्षं हसलो मी तिला, गुरुजी. तू बरोबर हुतीस, एवढं म्हनायचं राह्यलं."

मी उठलो. आत जाऊन पाणी तेवढं घेऊन आलो. त्या घरात पहिल्यांदाच पाहुण्याला न मागता पाणी मिळालं असेल.

प्राध्यापकांनी पिशवीतून नोंदीचं कार्ड काढलं. जागा, थर, शोधणारे भगवान माने, एवढं लिहून झालं. 'ओळख पटवणारे' या शब्दांपुढे ते स्वतःचं नाव घालत होते, तोच मिस्त्रींनी त्यांचा हात धरला.

"तितं तिचं लिवा. सुभद्रा भगवान माने."

प्राध्यापकांनी आपलं अर्धवट नाव खोडून ते लिहिलं. "आधी कैलासवासी लिहू?"

"नगं. नुस्तं नाव लिवा."

कार्ड मिस्त्रींनी हातात घेतलं, चष्मा लावून पाहिलं आणि माझ्याकडे दिलं. "गुरुजी, वाचून दावा."

मी वाचलं.

"जरा मोट्यानं," ते म्हणाले.