निवेदिका विश्वासार्ह नाही

नारायण पेठेतल्या वाचक मंडळाने ‘दोन समकालीन कथा : निवेदनतंत्राची तुलना’ या विषयावर कोण बोलणार असं विचारलं आणि अनंतरावांनी हात वर केला. मंडळाचं अध्यक्षपद रिकामं होणार होतं आणि त्यावर त्यांचा डोळा होता. निवेदनतंत्र म्हणजे काय, ते नंतर बघता आलं असतं.

अनंतराव भोसरीच्या एका कारखान्यात स्टोअर्स सांभाळून निवृत्त झालेले. नोकरीच्या शेवटी शेवटी कारखान्याला आयएसओ मानांकन मिळालं आणि ते यांच्या अंगात भिनलं (कारखाना सुटला, आयएसओ सुटलं नाही). घरातल्या प्रत्येक वस्तूवर चिठ्ठी आली. त्यांच्या पत्नी हेमाताई वाद घालत नसत. मुलगा सॉफ्टवेअरच्या नोकरीसाठी कॅलिफोर्नियाला गेल्यापासून त्या दुपारभर कॉम्प्युटरवर टकटक करत. मुलाला रोज एवढं काय कळवायचं असतं, हे अनंतरावांनी कधी विचारलं नाही. (विचारलं की उत्तर ऐकावं लागतं.)

दोन्ही कथा दिवाळी अंकांतल्या, अनोळखी लेखिकांच्या. पहिलीत एक बाई ‘मी’ होऊन नवऱ्याची कहाणी सांगते. नवऱ्याला नाव नाही, नुसतं ‘हे’. हे स्वयंपाकघराला शिस्त लावायला निघतात, बरण्यांच्या झाकणांवर चिठ्ठ्या डकवतात आणि व्याह्यांच्या पानात खारट श्रीखंड पडतं. दुसरी कथा तृतीयपुरुषी. तिच्यात एक समंजस नवरा आहे, जो बायकोचं बोलणं संपेपर्यंत थांबतो.

भाषण रंगलं. दुसरी कथा अस्सल, घरोघरी दिसणारी. पहिली निव्वळ अतिशयोक्ती, असला बावळट नवरा पुण्यात शोधून सापडायचा नाही, असा निर्वाळा अनंतरावांनी दिला. शिवाय पहिलीची निवेदिका विश्वासार्ह नाही, असंही ते म्हणाले. हा शब्द त्यांनी आदल्या दिवशीच पाठ केला होता.

मावळते अध्यक्ष रंगराव सावकाश उठले. “विश्वासार्ह नाही, हे कशावरून?”

“चिठ्ठ्या बरोबर होत्या. पिठीसाखरेचं झाकण मिठावर कुणी लावलं, ते ती सोयीस्करपणे लपवते.”

“कथेत तसं कुठे दिसत नाही.”

“कथेत कसं दिसेल? मी ओट्यापाशीच उभा होतो. झाकणं धुतली आणि उलटसुलट लावली ती हिने.”

‘निवेदिके’ची ‘ही’ कधी झाली, ते अनंतरावांच्या ध्यानात आलं नाही. श्रोत्यांच्या मात्र लगेच आलं. पहिल्या रांगेत हेमाताई पदर सारखा करत बसल्या होत्या. त्यांच्याकडे नजर गेल्यावर अनंतरावांच्या डोक्यात प्रकाश पडला आणि कानशिलं तापली. आभार मानताना रंगराव म्हणाले की वक्ता आणि पात्र एकाच रिक्षातून आल्यामुळे मंडळाचा खर्च वाचला. अध्यक्षपदाचा विषय कुणी काढला नाही.

चालत घरी परतताना कोपरा वळल्यावर अनंतराव म्हणाले, “टोपणनाव घेऊन घरची लक्तरं वेशीवर टांगलीस. लिहायचंच होतं तर त्या दुसरीसारखं लिहायचंस. काय नवरा उभा केलाय तिने.”

“ती कथाही माझीच आहे. टोपणनाव तेवढं वेगळं.”

अनंतरावांची चाल मंदावली. एवढ्या नामुष्कीतही त्यांना बरं वाटलं. आवाज खाली आणून त्यांनी विचारलं, “म्हणजे तो नवराही मीच?”

“नाही हो,” हेमाताई म्हणाल्या. “ती काल्पनिक आहे.”