फुंकनीस रायाजींनी कळंक कबूल केला त्याची हकीकत

श्रीगजाननाचे स्मरण करून, जैसे घडले तैसे लिहितो. पदरचे मीठ चवीपुरतेच घातले आहे. शके १९४६, क्रोधी नाम संवत्सरे, माघ शुद्ध पंचमीस राज्यात ऐसे वर्तमान जाहाले, की दिवाणखान्यातील जुना व्हिडिओ गेम मुका जाहाला.

हे यंत्र म्हणजे दरबारचे थोर मानकरी. बत्तीस वर्षांमागे आले आणि टीव्हीखाली बसले ते बसलेच. मग मागाहून नवी चकचकीत यंत्रे तीन आली, त्यांत एक तापून गेले, दुसऱ्याची तबकडी फिरेना, आणि तिसरे तर हमीची मुदत सरली त्याच आठवड्यात वारले. ही म्हातारी पेटी मात्र दोनदा पडली, एकदा चहा प्याली, तरी खडखडीत राहिली. आईसाहेब रोज जेवणोत्तर तिजवर एक डाव खेळत, आणि डाव सुरू होण्याआधी कॅसेटीच्या पिनांवर फुंकर घालून ती यंत्रात खोचणे, हे फुंकनिसीचे वतन रायाजींकडे तीर्थरूपांपासून चालत आले होते. दरबारात त्यांस पहिला विडा मिळे, तो त्या फुंकरीचा.

ते दिवशी रायाजींनी फुंकर घातली, पडद्यावर नुसत्या मुंग्या. मग दुसरी घातली, तिसरी घातली, सातवीस डोळ्यांपुढे काजवे चमकले, आणि मुंग्या होत्या तैशाच. लोक कुजबुजले, "यंत्राचे दिवस भरले." रायाजींचे मनात आले, यंत्र गेले तर फुंकनीस कशाचा?

मग आईसाहेबांचे आज्ञेवरून सटवाबाई कारागीर आल्या. बाईंचा हात मोठा हलका. त्यांनी रायाजींस मागील दालनात दिवा धरावयास बसविले आणि यंत्र उघडले, कॅसेटही उघडली, तो पिनांवर हिरवा कळंक, आंबट ताक ठेविलेल्या पितळीवर चढावा तैसा. बाई हळूच बोलल्या, "फुंकनीस, हे तुमच्या तोंडच्या वाफेनं झालंय. फुंकर चुकीचीच होती हो. कॅसेट काढून पुन्हा खोचली की पिना घासायच्या आणि गेम चालायचा. नाव फुंकरीचं व्हायचं. आईसाहेबांना दमट हवा म्हणून सांगू का?"

रायाजींनी मनाशी हिशेब मांडिला. दमट हवेस कोण जाब विचारतो? वतन राहील, विडा राहील, तीर्थरूपांचे नाव राहील. मग त्यांची दृष्टी त्या पेटीवर गेली. इतकी वर्षे आपण हिजवर ओल धरली आणि ही मुकाट्याने चालत राहिली, हे मनात येऊन त्यांस भरून आले. ते तडक उठून दरबारात गेले आणि पागोटे उतरून बोलिले, "आईसाहेब, कळंक माझाच आहे. यंत्र बिघडवले ते मी आणि वडिलांनी. पेटीस बोल नाही."

आईसाहेबांनी विचारिले, "बाई, दुरुस्त होईल?" सटवाबाईंनी स्पिरिटचा बोळा रायाजींचे हाती दिला. मग रायाजींनी एकेक पीन बाळाचा कान पुसावा तैशी पुसली, कॅसेट खोचली, बटण दाबिले, आणि ती खेळाची ओळखीची धून वाजली! लोक आनंदले, आणि रायाजी मात्र रिवाजाप्रमाणे निघावयाचे म्हणून दाराकडे वळले, आता वतन गेलेच ऐसे समजून.

आईसाहेब बोलिल्या, "रायाजी, कुठे निघालात? खेळ सुरू करून देता आणि रोज दाराबाहेर उभे राहता. कधी खेळलात का?"

रायाजी बोलिले, "नाही जी."

आईसाहेबांनी दुसरी जॉयस्टिक त्यांजपुढे सरकविली. "बसा. आज आम्हांस गडी पाहिजे."

रायाजी बसले. पहिल्याच खड्ड्यात पडून मेले, आणि आईसाहेब पोट धरून हसल्या.

ऐसे वर्तमान जाहाले. फुंकनिसी मोडली, पुसनिसी नेमिली, विडा कायम राहिला. यंत्र बत्तीस वर्षांच्या फुंकरीस पुरून उरले, धन्य त्याची! परंतु खरे बोलण्यास त्याहून मोठी छाती लागते, हे लिहिणाराने डोळ्यांनी पाहिले. इति.