स्पिंडलची सोयरीक

शांतारामकाका मोटार जोडत नाहीत, तिचं लग्न लावतात. नवा स्पिंडल, म्हणजे सीएनसी मशीनचं कटर गरागरा फिरवणारी मोटार, समोर आली की त्यांचा पहिला प्रश्न ठरलेला असतो. "पोरगी कुठल्या घरची?" आणि तिला वेग पुरवणारा ड्राइव्ह खोक्यातून निघाला की म्हणतात, "बघू तरी, पावणा कसा हाय!"

माझा चाकणला लाकडी दरवाजांवर नक्षी कोरायचा छोटा कारखाना आहे. काका निघोज्याचे. एका कंपनीत मेंटेनन्सला उभा जन्म काढला, आता रिटायर होऊन आसपासच्या शेडमधून अशा सोयरिकी जमवत फिरतात. पायात कायम कंपनीचे सेफ्टी बूट. तेच बूट घालून ते लग्नाला जातात आणि जागरण-गोंधळालाही.

त्या शनिवारी आमचा नवा स्पिंडल आला. विकणाऱ्याचा माणूस फोनवर म्हणाला, "मॅडम, वायर जोडा आणि चालू करा, बाकी काही नाही." काकांनी फोन माझ्या हातातून ओढूनच घेतला.

"आवो, पोरगी चारशे हर्ट्झची, अन् तुमचा पावणा कंपनीतनं पन्नासचं सेटिंग घेऊन आलाय. असाच बोहल्यावर उभा केला तर पोरगी करपंल माझी! जबाब कोन देनार, तुमी?"

पलीकडून फोन कट झाला.

मग विधी सुरू झाले. मोटारीवरची पाटी मी मोठ्याने वाचायची, काकांनी करंगळीने ड्राइव्हची बटणं दाबायची. व्होल्ट, अँपिअर, हर्ट्झ, फेरे. प्रत्येक आकड्याला "परत वाचा." वेग चढायला किती सेकंद द्यायचे यावर त्यांचा स्वतःशीच वाद चालला होता. आमच्या ऑपरेटरने हौसेने नारळ आणला, तर त्याला नारळासकट शेडबाहेर काढलं. मागे भोसरीत कुणीतरी पॅनेलच्या कडेवर नारळ फोडला होता आणि पाणी थेट ड्राइव्हमध्ये गेलं होतं. "नवरदेव हळदीतच गेला," म्हणून काका अजून हळहळतात.

पण त्या दिवशी ते नेहमीपेक्षा जास्तच घोळ घालत होते, आणि त्याचं कारण मला ठाऊक होतं. त्यांची मुलगी सुनीता वर्षभर माहेरी आहे. सासर वाकडला, उंच टॉवरमध्ये. तिथे तिच्यावर हात उचलला जायचा. आता रविवारी सासरची माणसं तिला न्यायला येणार होती, आणि काकांची भावकी म्हणत होती, मुकाट्याने पाठवून द्या.

नवा स्पिंडल आधी कमी वेगावर तापवून घ्यावा लागतो. तो तसा फिरत होता, तेव्हा मी विचारलं, "उद्या काय करणार, काका?"

"भावकीचा शबुद मोडायची आमची रीत न्हाई, ताई." ते पॅनेलकडेच बघत राहिले. "लगीन बी त्यांनीच ठरवलं. टॉवर बघितला, गाडी बघितली. म्या नुसती मान हलवली."

मला त्यांचा संताप आला. एका मोटारीसाठी परक्या माणसाशी भांडणारा हा बाप घरात मान हलवतो!

सोमवारी काका न बोलावताच आले. स्पिंडल झकास चालला होता, तरी तिथेच घुटमळत राहिले. चहा दिला तेव्हा बोलले.

"बैठक बसली. समदे बोलत व्हते. सुनी आत पोहे करत व्हती. त्या मान्सांसाठी, ताई! म्या तिला भाईर बोलावली, म्हनलं, बस हितं माझ्याशेजारी. म्हनलं, बाळा, तुला जायचंय का?"

"मग?"

"न्हाई म्हनली. मग म्या बी न्हाई म्हनलो. पावणे गेले, भावकी बी उठून गेली. आता आमच्या दारात कोन येत न्हाई."

चहा तसाच निवत होता.

"पोहे लई उरले," काका म्हणाले. "आमी दोघंच खात बसलो. वर्षात पहिल्यांदा मागून घेतलं तिनं."