अकरा ट्रक, अकरा शब्द

गोवा राज्य झालं त्या वर्षी इब्रामपूरच्या सगुणने साऱ्या वाड्यावर सांगून टाकलं, "यंदा इंग्रजीची वरची परीक्षा खिशात!" याआधी दोनदा हीच परीक्षा त्याच्या हातावर तुरी देऊन गेली होती, पण ते राहू दे. पास झाला तर डिचोलीच्या खाणीवरचा वजनकाटा सुटणार आणि पणजीच्या हेड ऑफिसात पत्रं लिहायची खुर्ची मिळणार. वयाच्या अटीमुळे संधी मात्र ही शेवटचीच!

घोडं अडायचं शब्दांपाशी. आज पाठ केलेला शब्द उद्या पेजेबरोबर पोटात! बायको देवकी म्हणाली, "माणसं कशी लक्षात राहतात? रोज दिसतात म्हणून! शब्दही तसेच दिसायला नकोत?"

सगुणच्या डोक्यात लख्ख उजेड पडला. रोज दिसतात ते ट्रक! अकरा ट्रक खनिज घेऊन नदीच्या धक्क्यावर जायचे, रिकामे होऊन परत यायचे. खनिजाच्या प्रतीची खूण मागच्या फाळक्यावर खडूने करायची, ते काम सगुणचंच. परीक्षेच्या आदल्या दिवशी, शनिवारी, सगळं खनिज एकाच प्रतीचं, म्हणजे खुणेची गरज नाही, फाळके मोकळे! त्याने एकेका ट्रकवर एकेक शब्द लिहिला.

"सगुणभाऊ, माझ्या गाडीवर काय लिवलंय ओ?" कोल्हापूरकडच्या महादेव ड्रायव्हरने विचारलं.

"ऑब्स्टिनेट. म्हणजे हट्टी."

"बरोब्बर हाय! चढावर ढकलली तरी हालत न्हाई बघा!"

काय दिवस गेला म्हणता! ट्रक दिसला की सगुण डोळे मिटून शब्द म्हणायचा, मग मागे धावत जाऊन पडताळायचा. दुपारपर्यंत अकराच्या अकरा तोंडपाठ! त्या लाल धुळीत जेवढं सुख मिळालं तेवढं पुढे कुठे मिळालं नाही, असं तो अजून सांगतो.

तेवढ्यात धक्क्यावरून मुकादम सखारामचा फोन.

"सगुण, आणि किती प्रती धाडतोस रे बाबा? हांगा जागाच ना उरली!"

"कसल्या प्रती, सखारामभाऊ?"

"अकरा ढीग केलेत मरे! एक खडा इकडचा तिकडे नाही!"

सगुण धक्क्याकडे धावत सुटला. खूण बदलली की ढीग वेगळा, हा सखारामचा वीस वर्षांचा नेम. इंग्रजी येत नव्हतं, म्हणून त्याने अक्षरं चित्रासारखी उतरवून प्रत्येक ढिगावर पाटी रोवली होती!

सगुण पोचला तेव्हा खनिज न्यायला आलेली बार्ज ताटकळत होती आणि मॅनेजरसाहेब एका पाटीसमोर उभे होते. "मेलँकली? खनिज उदास कसं असतं रे?"

"काट्यावरून तसंच आलं, साहेब," सखाराम अभिमानाने म्हणाला. "मी जपून ठेवलंय."

सगुणने सगळं कबूल केलं. साहेब कडाडले, "उद्या दुपारपर्यंत एकच ढीग दिसला पाहिजे!"

"साहेब, उद्या सकाळी अकराला पणजीत परीक्षा..."

"आधी हे निस्तर!"

सगुणच्या डोळ्यांत पाणीच आलं. ते सखारामने पाहिलं मात्र. रविवारी उजाडता उजाडता तो अकरा ड्रायव्हर आणि फावडी घेऊन हजर! "तू फक्त शब्द म्हण रे," तो म्हणाला, "खोरं आम्ही मारतो." नऊला ढीग एक झाला. महादेवने त्याच हट्टी गाडीतून सगुणला नदीच्या अलीकडे बेतीला सोडलं. पणजीचा पूल पडलेला, म्हणून पुढे फेरीबोट. परीक्षेच्या खोलीत सगुण शिरला तो डोक्यापासून पायापर्यंत लाल!

अकरापैकी आठ शब्द पेपरात आले. प्रत्येकाला एकेका ड्रायव्हरचा चेहरा! सगुण पास झाला, खुर्ची मिळाली.

पहिल्याच पत्रात त्याने हौसेने ते आठही शब्द घातले. हेड ऑफिसात आलेल्या मॅनेजरसाहेबांनी लाल शाईने आठही खोडले.

"साधं लिही रे बाबा," ते हात जोडून म्हणाले. "पत्र धक्क्यावर जायचंय. सखाराम पुन्हा ढीग करील!"