आधी गोळी, मग दांडा

मामींचं मौन रोज दुपारी बाराला सुटतं, हे भाच्याला पक्कं ठाऊक होतं. म्हणून तर तो सकाळीच येऊन दारात उभा राहिला.

"मामी, जीप भंगारात देतोय. टेम्पोवाल्याला घेऊनच येतो. नको असेल तर आत्ता सांग."

मामींनी मान इतक्या जोरात हलवली की अंबाड्यातली पिन उडाली.

"तोंडानं सांग. मान काय, वाऱ्यानंही हलते." भाच्यानं कानामागे हात धरून वाट पाहिल्यासारखं केलं. "नाही ना बोलत? मौन म्हणजे संमती! आणि चालती गाडी असती तर मी बोटही लावलं नसतं हो." स्कूटरला किक मारून तो पसार झाला. शेडमधल्या जीपच्या जागेवर त्याच्या नव्या गाडीचा डोळा होता, हे स्वयंपाकघरातल्या मांजरालाही माहीत होतं.

मामींचा राग असा की तो त्यांच्या आवाजात कधीच यायचा नाही, हातात यायचा. त्यांनी देवापुढची वात नीट केली, पदर खोचला आणि पान्हा उचलला.

घरामागच्या चढावर मामींची रोपवाटिका होती. माती, खत, कुंड्या, सगळं त्या जीपवर वर जायचं. टेम्पो अर्ध्या चढावर रडायला लागायचा. जीप चारही चाकांनी चढ खात जायची. परवा मात्र मामींनी छोटा गिअर जरा हट्टानं ओढला आणि आतला शाफ्टचा दांडा खाचेतून निसटला. तेव्हापासून इंजिन गरजायचं, चाकं ढिम्म.

मिस्त्री परगावी भाचीच्या लग्नात अडकले होते. मौनातल्या माणसाला फोनवर बोलता येत नाही, म्हणून मध्यस्थी थोरल्या जाऊबाईंकडे आली. जाऊबाईंना यंत्रातलं काही कळत नसे, पण न कळल्यामुळे त्यांचं बोलणं कधी अडलं नव्हतं.

"मिस्त्री, आमच्या हिची ट्रान्सफरची केस आहे म्हणे."

"ट्रान्सफर केस, मोठ्या ताई!" मागे बँडचा दणदणाट. "चारी चाकांना ताकद वाटणारी पेटी!"

"तेच ते. पण बंद पडलेल्या गाडीची बदली करतंय कोण, आणि केस तरी कुणी केली?"

जीपखालून पान्ह्याचे ठोके आले. एक ठोका म्हणजे हो, दोन म्हणजे नाही, आणि तीन म्हणजे जाऊबाई, गप्प बसा, असं ठरलं होतं. हे तीन होते.

मामींनी तेल काढलं, झाकण उघडलं आणि टॉर्च दातांत धरला.

"दोन दांडे दिसतात का विचारा!" मिस्त्री ओरडले.

ठण्ण.

"त्यातला एक मागं सरकलाय?"

ठण्ण.

"मग नीट ऐका. दोन दांड्यांच्या मध्ये एक भोक आहे. त्यात लोखंडी गोळी असते, औषधाच्या कॅप्सूलएवढी. दोन्ही दांडे भलत्या वेळी एकदम सरकू नयेत म्हणून ती पहाऱ्याला. ती पडली असेल, ती शोधा."

गोळी तेलाच्या घमेल्यात सापडली. मामींनी ती पुसून लख्ख केली आणि वर हात करून जाऊबाईंकडे दिली. जाऊबाईंनी ती मडगार्डवरच्या बशीत ठेवली. बशीत त्यांची रक्तदाबाची राखाडी कॅप्सूल होती, शेजारी चहा होता. चष्मा तेवढा देवघरात राहिला होता.

"आधी गोळी, मग दांडा!" मिस्त्री बँडवर मात करत ओरडले. "विसरू नका! आधी गोळी!"

"अगोबाई, बरी आठवण केलीत," जाऊबाई म्हणाल्या. बशीतली एक तोंडात टाकून त्यांनी वर चहाचा घोट घेतला. "हं, आता हिचं सांगा."

"गोळीला ग्रीस लावा, म्हणजे बसून राहील!"

जाऊबाईंनी दुसरी ग्रीसमध्ये लोळवली आणि जीपखालून आलेल्या काळ्या तळहातावर ठेवली. मामींना ती हलकी वाटली. पण उताणं पडल्यावर, नाकात तेल गेल्यावर आणि डोक्यात भाचा बसल्यावर माणसाला वजनाचा काय अंदाज येणार? त्यांनी गोळी भोकात सारली, दांडा ठोकला. आत काहीतरी चुर्र झालं. मग दांडा खट्टकन जागेवर बसला. झाकण लागलं, तेल भरलं, आणि मामी बाहेर आल्या तेव्हा चेहऱ्यावर पांढरं म्हणून फक्त डोळे उरले होते.

तेवढ्यात भाचा आलाच. टेम्पो उलटा घेऊन फाटकाशी लावला होता, आणि टेम्पोवाला जीपच्या मागच्या हुकात दोर अडकवत होता.

"बांधतोय हं, मामी. काही म्हणणं आहे? नाही? संमती!"

"अरे मेल्या, बाराला पाचच मिनिटं आहेत, थांब की!" जाऊबाई कडाडल्या.

"मोठी मामी, मुहूर्त टळतो."

मामी सावकाश जीपमध्ये चढल्या. किल्ली फिरवली. इंजिन गरजलं.

"बघा!" भाचा हसला. "नुसती डरकाळी. वाघ कागदाचा!"

मामींनी एक दांडी पुढे ढकलली, दुसरी मागे ओढली, आणि क्लच सोडला.

जीप हलली. दोर ताणला. मग टेम्पोही हलला, पण त्याला जायचं होतं त्याच्या उलट दिशेनं.

"अहो ताई! ब्रेक दाबलाय मी!" आत उडी मारून बसलेला टेम्पोवाला किंचाळला. "करकचून दाबलाय!"

जीपला त्याचं काही नव्हतं. मुंगीच्या चालीनं ती चढ चढू लागली, आणि चाकं घासत टेम्पो मागोमाग पाठमोरा आला, फाटकातून, शेडवरून, मोगऱ्याच्या कुंड्यांमधून. हॉर्न वाजत होता, तो टेम्पोचा होता. भाचा "मामी! थांब! बोल ना काहीतरी!" करत शेजारून धावत होता. मामींनी शांतपणे डावा हात वर करून मनगटावरचं घड्याळ दाखवलं.

अगदी वर, रोपांपाशी, जीप थांबली. 

जाऊबाई फोन हातात घेऊन धापा टाकत वर पोचल्या. "काय रे, गाडी चालती आहे. म्हणजे आता राहील ना इथंच?"

भाच्यानं ओठ हलवले. शब्द एकही फुटला नाही.

"मौन म्हणजे संमती!" जाऊबाईंनी निकाल देऊन टाकला.

खाली घरात बाराचे टोले पडले. मामींनी डोळे मिटून देवाचं नाव घेतलं. एवढ्या पराक्रमानंतर त्या काय बोलतात म्हणून सगळे कानांत प्राण आणून उभे राहिले. तेवढ्यात जाऊबाईंच्या हातातल्या फोनमधून मिस्त्री ओरडले, "गोळी हाताला जड लागली ना? चुर्र वगैरे नाही ना झालं?"

मामींचा चेहरा काळ्यावर काळा पडला.

"जाऊबाई," त्या हळूच म्हणाल्या, "तुमची सकाळची गोळी घेतलीत?"

"घेतली की. मेली आज घशातून जरा जड गेली."

मामींनी शेजारच्या सीटवरची पोती मागे टाकली.

"बसा."

"अगं, कुठं?"

"डॉक्टरकडे. पोटाचा फोटो काढायला."

जाऊबाई बसल्या. मामींनी इंजिन चालू केलं. मागून टेम्पोवाल्याचं डोकं खिडकीबाहेर आलं.

"ताई, दोर तसाच आहे हो! मला काय असाच दवाखान्यापर्यंत ओढत नेणार का?"

मामींचं मौन केव्हाच सुटलं होतं. तरी त्या काहीच बोलल्या नाहीत.